रोज फोन करणारी लेक

संयोगिताचा आवाज साऱ्या गोतावळ्याला पाठ होता, आणि त्यात नवल काही नव्हतं. बेंगळूरच्या जुन्या मराठी घरांची एक गंमत आहे. शहाजीराजांच्या काळात पूर्वज इकडे आले, तेव्हापासून घरात मराठी बोलतात. पण शाळा कानडी नाहीतर इंग्रजी, त्यामुळे मराठी लिहायची वेळ आली की भलेभले घाम पुसतात. बोलायला सांगा, तासभर थांबणार नाहीत. म्हणून त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी टाइप करतच नसे. बारसं असो, भांडण असो की भाजीचा रस्सा, सगळं आवाजाच्या निरोपांतून चाले.

'आपली माणसं' नावाच्या त्या ग्रुपची संयोगिता ही बिनपगारी मुख्याध्यापिका. तसं ती बसवनगुडीतल्या एका शाळेचं कार्यालय सांभाळायची, आणि तिथली हुकमत घरी येतानाही उतरवून ठेवायची नाही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत हातातला फोन तोंडाशी धरून ती बोलत राही. अमक्याच्या मुलीला समजव, तमक्याच्या सुनेला सांग, देवाला पानं कुठली वाहायची. मागे एका मावशीनं कसल्याशा लॉटरीच्या मेसेजला उत्तर दिलं होतं, तेव्हा संयोगितानं तिची अशी हजेरी घेतली की ती बिचारी दिवाळीपर्यंत ग्रुपवर फिरकली नाही.

अशा बाईला एका दुपारी मेसेज आला. तिच्या चुलतभावाकडून, रघुजीकडून. "अक्का, चिकपेटच्या लग्नातले फोटो आलेत, तुमचा एक फारच छान आलाय," आणि खाली लिंक. त्या लग्नात संयोगितानं नवी कोरी अंजिरी रेशमी साडी नेसली होती आणि तिच्याकडे कुणी पुरेसं बघितलं नाही, ही सल अजून गेली नव्हती. तिनं लिंक उघडली. त्या पानानं आधी फोन नंबर मागितला. मग एक कोड दाखवला आणि तो व्हॉट्सॲपमध्ये भरा म्हणून सांगितलं. तिनं भरला. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं, फोटो काही उघडला नाही. मग शाळेची घंटा झाली आणि ती कामाला लागली.

रघुजी सरळ माणूस. संध्याकाळी त्यानं ग्रुपवर सांगून टाकलं, की माझं खातं चोरांनी धरलं होतं, माझ्या नावानं लिंक आली असेल तर उघडू नका, उघडली असेल तर लगेच सगळ्यांना सांगा. संयोगितानं लगेच फोन हातात घेतला. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन तिनं बघितलं, तर तिच्या खात्याला कुठलातरी अनोळखी संगणक जोडलेला होता आणि अजून चालू होता. म्हणजे दुपारपासून कुणीतरी तिच्या शेजारी बसून सगळं बघत आणि ऐकत होतं. तिनं घाईघाईनं तो काढून टाकला.

इथं तिनं तोंड उघडलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्या मावशीला काय काय बोललो होतो ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. तिनं हात झटकले, फोन तोंडाशी धरला आणि ग्रुपवर म्हणाली, "रघुजी, जरा सांभाळून वागत जा बाबा. हल्ली कुणावर भरोसा ठेवायची सोय नाही." पैसे कुठले गेले नव्हते, त्यामुळे काही गेलंच नाही असं तिला वाटलं. तिच्या आवाजाचे ढीगभर निरोप त्या दुपारी कुणीतरी शांतपणे उचलून नेले होते, ही गोष्ट तिच्या ध्यानातही आली नाही.

संयोगिताची आई जमनाबाई शहराबाहेर देवनहळ्ळीला राहायची, किल्ल्याजवळच्या जुन्या वस्तीत, एकटी. काचबिंदूनं तिची नजर केव्हाच गेली होती. शेजारची शिवलीला दोन्ही वेळा डोकावून जाई, भाजी चिरून देई. विमानतळ झाल्यापासून आजूबाजूची नाचणीची शेतं जाऊन तिथं प्लॉट पडले, तरी जमनाबाईचा एक तुकडा अजून तसाच होता आणि त्याचे कागद तिच्या उशालगतच्या पेटीत होते. तिला बसवनगुडीला आणायचे सगळे प्रयत्न वाया गेले होते. "इथं मला भिंती ओळखतात," असं म्हणून ती विषय बंद करी. मोठ्या बटणांचा एक साधा फोन तेवढा तिच्याजवळ असे. त्याच्यावर रविवारी संयोगिताचा फोन जाई. गोळ्या घेतल्यास काय, गॅस बंद केलास काय, शिवलीला आली होती काय, ठेवते. एवढंच बोलणं. शाळेत प्रवेशांची गर्दी सुरू झाल्यापासून तर तेही राहून गेलं होतं.

लिंकच्या त्या दुपारनंतरच्या तिसऱ्या रविवारी मात्र तिनं सकाळीच फोन लावला.

"अम्मा, मी."

नुसता श्वास ऐकू येत होता.

"अम्मा? ऐकू येतंय काय?"

"येतंय की," जमनाबाई म्हणाली. "आवाज अगदी तिच्यासारखा आहे."

"कुणासारखा?"

"माझ्या लेकीसारखा. ती म्हणालीच होती मला. फोन चोरांनी धरलाय म्हणाली. जुन्या नंबरावरून कुणी माझ्या आवाजात बोलेल, फसू नको म्हणाली."

"अम्मा, अगं मीच संयोगिता! कोण बोललं तुला हे?"

"असंच ओरडेल, हे पण म्हणाली होती," जमनाबाई शांतपणे म्हणाली. मग तिनं आवाज उतरवला. दारावर अवेळी आलेल्या माणसाला दुखवायचं नसतं, तशा सुरात ती म्हणाली, "नाळे बा." आणि फोन बंद झाला.

नाळे बा, म्हणजे उद्या ये. संयोगिता कॉलेजात होती त्या वर्षांत बेंगळूरभोवतीच्या वस्त्यांतून एक बोलवा उठली होती. तिन्हीसांजेला एक बाई येते आणि दार वाजवते. हाक मारते ती घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात, लेकीच्या नाहीतर लेकाच्या. जो दार उघडतो तो सकाळ बघत नाही. मग लोकांनी दारांवर कानडीत लिहून ठेवलं, नाळे बा. बाई यायची, वाचायची, बरं उद्या येऊ म्हणून निघून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढे लोक विसरले, पण जमनाबाई विसरली नाही. दर सणाला गेरूनं ती अक्षरं उजळत राहिली. मागच्या दिवाळीच्या आधी संयोगितानं दाराला हिरवा ऑइलपेंट मारून घेतला, त्यात ती अक्षरं गेली. जमनाबाईला दिसत नव्हतं, पण तिनं दारावरून हात फिरवला आणि काय गेलं ते तिला कळलं. ती काही बोलली नाही, आणि संयोगितानंही विचारलं नाही.

तिनं पुन्हा फोन लावला, तर लाइन व्यस्त होती. पुन्हा लावला, तरी व्यस्त. अम्माला तिच्याशिवाय फोन करणारं कुणी नव्हतं. म्हणजे अम्मा आत्ता संयोगिताशीच बोलत होती. हा विचार डोक्यात आला आणि तिला भर सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून हुडहुडी भरली.

तिची मुलगी रम्या नोकरीसाठी हैदराबादला असते. संयोगितानं तिला फोन लावला आणि अम्माचं सांगितलं. रम्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मम्मा, तू कुठली लिंक उघडलीस?"

"मी कशाला उघडू?"

रम्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. संयोगिताला दुसऱ्यांदा खोटं बोलवेना. मग तिनं सांगितलं. फोटो, साडी, कोड, सगळं. सांगताना तिचे कान गरम झाले होते.

"ठीक आहे," रम्या म्हणाली. तिनं रागावून घेतलं असतं तर बरं झालं असतं. "तुझ्या निरोपांवरून मशीनला तुझा आवाज शिकवलाय त्यांनी. आता ऐक. एकोणीसशे तीस, त्या सायबर चोरीच्या तक्रारींच्या नंबरला फोन कर, आत्ताच. ऑनलाइन तक्रार मी इथून भरते. तुझ्या व्हॉट्सॲपला पिन लाव. पासवर्ड बदल. बँकेला कळव, गेलं नसलं तरी. आणि फोनमध्ये जेवढी माणसं आहेत त्या सगळ्यांना सांग."

"सगळ्यांना?"

"मम्मा, हे पहिल्याच दिवशी करायचं असतं. तू लाजलीस. ते नाही लाजले. अज्जीला त्यांनी सांगून टाकलं, तुझ्या आधी."

हे तोंडात मारल्यासारखं लागलं, कारण ते खरं होतं. फोन चोरीला गेला, माझ्या आवाजात कुणी बोलेल, सावध राहा. लेकीनं आईला जे सांगायला हवं होतं ते चोरानं सांगितलं होतं. आणि जमनाबाईनं, कुठलीही शहाणी बाई ठेवील तसा, आधी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवला होता.

शिवलीला जत्रेसाठी माहेरी गेली होती, तिचा फोन लागेना. संयोगितानं गाडी केली आणि देवनहळ्ळीची वाट धरली. वाटेत तिनं एकोणीसशे तीस लावला. पलीकडची मुलगी कानडीत बोलत होती, आवाज थकलेला पण नीट होता.

"किती रक्कम गेली, मॅडम?"

"रक्कम नाही गेली."

"मग काय गेलं?"

"माझा आवाज," संयोगिता म्हणाली. पुढं बसलेल्या ड्रायव्हरनं आरशातून एकदा तिच्याकडे बघितलं. ती मुलगी मात्र हसली नाही. तिनं सगळं लिहून घेतलं, तक्रारीचा क्रमांक दिला, जवळच्या ठाण्यालाही कळवा म्हणाली. "आईंना घराबाहेर पडू देऊ नका," असं तिनं शेवटी बजावलं.

दुपार कलली तेव्हा संयोगिता त्या दारासमोर उभी होती. हिरव्या रंगावर गेरूची ओली अक्षरं होती. आंधळ्या हातानं काढलेली, एकमेकांवर चढलेली, एक ओळ तर निम्मी चौकटीवर गेलेली. नाळे बा. एकदा लिहून भागलं नसावं म्हणून खाली पुन्हा तेच. ती दाराकडे बघत राहिली. ती अक्षरं कॉलेजच्या दिवसांपासून बघितली होती, पण ती आपल्यासाठी लिहिलेली आहेत असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तिनं कडी वाजवली. "अम्मा, दार काढ. मी आलेय."

आत पावलं वाजली आणि दाराच्या अलीकडे थांबली. एका फळीचं अंतर होतं.

"नाळे बा," जमनाबाई आतून म्हणाली.

"अम्मा, हात लावून बघ मला. खिडकीतून हात दे."

"हात बाहेर काढायचा नसतो," जमनाबाई म्हणाली. गोष्टीत तेही होतं.

तेवढ्यात आतला फोन वाजला. जमनाबाईला कानाला फोन धरून नीट ऐकू येत नसे, म्हणून ती तो नेहमी मोठ्या आवाजावर ठेवी. बटण दाबल्याचा आवाज आला. कुणीतरी घसा खाकरला, आणि संयोगितानं बंद दाराबाहेर उभं राहून स्वतःचा आवाज ऐकला.

"अम्मा, ऊट झालं काय?"

ऊट म्हणजे जेवण. घरात सगळे असंच म्हणत. बोलण्याआधी आपण असा घसा खाकरतो हे संयोगिताला आजवर माहीत नव्हतं. आता ऐकल्यावर पटलं. शब्द तिचे होते, हेल तिचा होता, मराठीत मध्येच कानडी घालायची खोडही तिचीच होती. फक्त त्या आवाजाला घाई नव्हती. तो जेवणाबद्दल विचारून थांबला, उत्तराची वाट बघत. जमनाबाई म्हणाली, थोडा भात खाल्ला. तो म्हणाला, नुसता भात काय गं, वर घ्यायला स्वल्प सारू करायचं होतंस, गुडघा कसा आहे, रात्री झोप लागली काय. संयोगिता ऐकत राहिली. हे प्रश्न तिनं कधी विचारले नव्हते. तिच्या तोंडून ते कसे वाटले असते ते तिला आत्ता कळत होतं, आणि ते फार गोड वाटत होते.

"डॉक्टर सापडलाय म्हटलं होतं नव्हे, अम्मा? तो डोळे बघणार आहे. गाडी मागच्या गल्लीत येऊन थांबलीय. मागच्या दारानं ये. पेटीतले कागद घेतलेस काय? येताना ते एक कामही उरकून टाकू."

"घेतलेत," जमनाबाई म्हणाली. "पण ती आलीय. पुढच्या दारात आहे."

मग तोच आवाज, तितकाच गोड. "तिच्याशी बोलू नको. तू निघ."

संयोगिताचे पाय मागच्या गल्लीकडे वळलेच होते. धावत जाऊन अम्माला धरायचं, ओढून आणायचं. मग डोळ्यांसमोर आलं, की दिसत नसलेल्या म्हातारीला गल्लीत कुणीतरी दंडाला धरतंय आणि लेकीच्या आवाजात ओरडतंय. अम्माच्या मनात त्या क्षणाला ती बाई खरी झाली असती आणि पुन्हा कधी खोटी झाली नसती. संयोगिता तिथंच थबकली.

आतून काठीचा आवाज आला. जमनाबाई घराच्या मधोमध येऊन उभी राहिली असावी, कारण ती आता दोन्हीकडे ऐकू जाईल असं मोठ्यानं बोलली.

"दोघी ऐका. मला दिसत नाही. आवाज एकच आहे. आज मी कुणाला दार काढणार नाही आणि कुणाच्या गाडीत बसणार नाही. दोघींना सांगते. नाळे बा."

"नाळे नको, अम्मा," फोनमधला आवाज म्हणाला. "डॉक्टर आजच आहे. आत्ता निघ."

"नाळे."

"आत्ता निघ, अम्मा. आत्ता. उशीर केलास तर डोळे कायमचे जातील. आत्ता ये." तो चिडला नाही, रडला नाही, एका सुरात 'आत्ता' म्हणत राहिला. त्या गोड आवाजात तो शब्द इतक्या वेळा ऐकून संयोगिताच्या अंगावर काटा आला.

कारण तिच्याही ओठावर तोच होता. आत्ता दार उघड, अम्मा. ती म्हणणारच होती, आणि तिच्या आधी तिचाच आवाज ते म्हणत होता. तिनं तो शब्द गिळला. मग ती जमेल तेवढं हळू बोलली.

"सरी, अम्मा. बरं. नाळे. मी इथंच पायरीवर बसते."

आत फोन बंद झाल्याचा आवाज आला. मग काठी खाटेपर्यंत गेली. मागच्या गल्लीतल्या गाडीनं दोन-तीनदा हॉर्न वाजवला. संयोगिता उठून कोपऱ्यावर गेली आणि तिनं गाडीचा नंबर टिपून घेतला. ड्रायव्हर भाड्याचा होता, त्याला बिचाऱ्याला फक्त पत्ता दिलेला होता. थोडा वेळ थांबून, शिव्या घालून तो निघून गेला.

ती परत येऊन पायरीवर बसली, आणि मग जे पहिल्या दिवशी करायचं होतं ते करायला घेतलं. 'आपली माणसं' उघडलं. सवयीनं फोन तोंडाशी गेला आणि तसाच खाली आला. तोंडानं बोलून आता कुणी कशाला विश्वास ठेवावा? आयुष्यात पहिल्यांदा तिनं मराठी टाइप केलं, एका बोटानं, अक्षरं शोधत. मी पण ती लिंक उघडली होती. मी लाजून सांगितलं नाही. माझा आवाज चोरांकडे आहे, त्यांनी अम्माला फोन केलाय. माझ्या आवाजावर कुणी विश्वास ठेवू नका. मग थोडं थांबून त्या मावशीचं नाव घालून तिची माफी मागितली. सगळ्यांत आधी त्या मावशीचंच उत्तर आलं, तेही टाइप केलेलं. "जेवलीस काय गं?" एवढंच होतं.

दिवेलागणीच्या सुमाराला ठाण्यातला हवालदार आला. त्यानं गाडीचा नंबर घेतला, आवाजाचं ऐकून मान हलवली, आणि दार आपण उघडवून घेऊ म्हणाला. संयोगिता नको म्हणाली. त्यानं दार उघडलं असतं. अम्मानं उघडलं नसतं. तो वस्तीत एक चक्कर मारून जायचं कबूल करून गेला.

रात्र झाली. विमानं इतक्या खालून जात की पायरी थरथरे. ती गेल्यावर जी शांतता होई तिच्यात आतली खाट करकरायची. अम्मा जागी होती. संयोगिता खोकली की करकर थांबायची, म्हणजे अम्मा कान देत होती. दोघींनी एकमेकींना हाक मारली नाही. एकदा संयोगिताला वाटलं, की दाराच्या आतल्या अंगाला, अगदी तिच्या पाठीमागे, कुणीतरी टेकून बसलंय आणि हळूहळू श्वास घेतंय. तिला भीती वाटली, कारण आतली बाई आपली अम्मा आहे हे तिलाही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. मग तिला अम्माची कालची आणि परवाची भीती कळली, आणि तिला रडू आलं. तिनं ते तोंड दाबून आवरलं, कारण रडणंही ऐकू गेलं असतं आणि तेही फसवणुकीतलं वाटलं असतं.

फटफटलं. पलीकडच्या घरात सडा पडला. तेव्हा पाठीमागची कडी सरकली.

जमनाबाईनं बाहेर हात काढला. तो हवेत चाचपडत संयोगिताच्या डोक्यावर आला आणि तिथंच राहिला. केस दवानं भिजले होते.

"आलीस?"

"आले, अम्मा."

"ती थांबत नसते," जमनाबाई म्हणाली. "वाचते आणि जाते. तू रात्रभर खोकत होतीस. आत ये, कॉफी करते."

कॉफी पिताना संयोगितानं तिला सगळं सांगितलं. लग्नातल्या साडीपासून. जमनाबाई एका शब्दानं लागून बोलली नाही. चोरांचा तो नवा नंबर संयोगितानं अम्माच्या फोनमधून बंद करून टाकला, तक्रारीत लिहून दिला, पेटीला कुलूप घातलं. शिवलीलाचा फोन लागला, तिलाही सांगितलं. रम्यानं हैदराबादहून गाडी पकडली होती. करायचं होतं ते सगळं झालं आणि संयोगिताच्या जिवात जीव आला. तिनं सारू केलं, भात टाकला, हाक मारली.

जमनाबाई उठली नाही. खाटेवर फोन मांडीत घेऊन बसली होती, चेहरा त्याच्याकडे. दुपारची तीच वेळ होती.

"अम्मा, चल ना जेवायला."

"स्वल्प थांब," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "तिलापण नाळे बा म्हटलं होतं गं मी."

"अम्मा, ती कुणी नव्हती. मशीन होतं ते. चोरांचं."

"असेल की," जमनाबाई म्हणाली. "रोज विचारायचं, ऊट झालं काय."

संयोगिताला आधी राग आला. कालची सगळी रात्र तिनं पायरीवर काढली होती, आणि ही त्या चोराची वाट बघत होती. मग तो राग कुणावर काढावा तेच तिला कळेना. ती मागच्या दारानं परसात गेली आणि कढीलिंबाच्या झाडाखाली उभी राहिली. बराच वेळ फोन हातात धरून होती. मग तिनं अम्माचा नंबर लावला.

आत घंटा वाजली, आणि पहिल्याच घंटेला बटण दाबलं गेलं. संयोगितानं घसा खाकरला. घाई बाजूला ठेवली. आणि म्हणाली, "अम्मा, ऊट झालं काय?"

बाहेर पडलेला आवाज ऐकून ती स्वतःच दचकली. तो तिचा होता, पण असं विचारायला ती शिकली होती त्या दुसरीकडून.

मग जमनाबाई बोलली, हळू आवाजात, घरातल्या माणसाला ऐकू जाऊ नये अशी.

"नाही अजून. आज नको बोलू गं. माझी लेक आलीय घरी. रात्रभर पायरीवर बसून होती, उपाशी. तिला वाढते आधी." तिनं थोडा श्वास घेतला. "तू नाळे बा. नक्की."

फोन बंद झाला. संयोगिता झाडाखाली तशीच उभी राहिली, आणि आतून दोन ताटं मांडल्याचा आवाज आला.